अर्ध्याची सवय

आमच्या घरात आई आणि नानी या दोघींच्या वाट्याला कुठलीही वस्तू अख्खी अशी कधी आली नाही, आणि त्यांना तशी ती नकोही असायची. नानी म्हणजे माझी चुलती, आईची धाकटी जाऊ. चुलते लग्नानंतर थोड्याच वर्षांत विहिरीच्या कामावर दरड अंगावर येऊन गेले. मूलबाळ नव्हतं. नानी घोडेगावाकडं माहेरी परत न जाता पिंपरी पेंढारला आमच्यातच राहिली. दोघी एका ताटात जेवायच्या. तव्यावरची भाकरी ताटात पडली की आई ती मधोमध मोडायची आणि पापुद्र्याची बाजू नानीकडं सरकवायची. पेरू, भजी, बशीतला चहा, सगळ्याचं तसंच. कुणी नानीच्या हातात अख्खं सफरचंद ठेवलं तर ती ते तसंच घेऊन आईला शोधत मळ्यात जायची. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी दोन आया असतात आणि त्या दोघी मिळून एकीचं जेवण जेवतात.

हे आधी सांगतो, कारण पुढं जे झालं ते या एका सवयीतून झालं. बाहेरच्या माणसाला ते खरं वाटत नाही. डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं.

मी चाकणच्या एका कंपनीत कामाला आहे. नारायणगावातून कंपनीची बस सुटते. उजाडायच्या आत निघायचं आणि दिवस मावळताना परतायचं. कंपनीनं कामगारांच्या घरच्यांसाठी औषधांची योजना घेतली तेव्हा मी सगळ्यांत आधी अर्ज भरला, कारण आईची साखर नुकतीच गोळ्यांवरून इन्शुलिनवर गेली होती. अर्जात बायको, मुलं आणि आईवडील एवढेच बसायचे. वडील हयात नव्हते. म्हणून मी ऑफिसातल्या साहेबाला म्हणालो, वडिलांच्या जागी चुलतीचं नाव घाला की. तो हसला, म्हणाला, आई एकच असते राव. मी तोंडाचा फटकळ. म्हणालो, माझ्या घरी या जेवायला, मग मोजा. पण नाव काही बसलं नाही. नानी तेव्हा ठणठणीत होती, उसाच्या मोळ्या उचलत होती, म्हणून मीही तो विषय सोडून दिला.

योजनेची रीत अशी होती. त्यांची स्वतःची एक यादी. त्यातलं स्वस्त औषध आधी घ्यायचं, ते मानवलं नाही असं डॉक्टरनं लिहून दिलं तरच पुढचं महाग औषध मंजूर व्हायचं. औषध पुण्याहून थंड पेटीत यायचं, आणि ते सुटण्याआधी योजनेच्या फार्मासिस्ट मॅडमचा फोन यायचा. साखर किती आली, बाटली संपली का, सुई कुठं टोचता, चक्कर येते का. पहिल्या स्वस्त इन्शुलिननं आईला पहाटे घाम सुटायचा, हातपाय थरथरायचे. दुसरं मंजूर करून घ्यायला मी त्या बाईशी इतका भांडलो की लाईनवरची पोरं बसमध्ये माझी नक्कल करायला लागली. पण तिनं काम केलं, नाही म्हणता येणार नाही. दिवसभर पुरणारं चांगलं इन्शुलिन सुरू झालं. मग ती दर वेळी आईचं कौतुक करायची. म्हणायची, तुमच्या आईंसारखे पेशंट आम्हाला फार कमी मिळतात, बाटली बरोब्बर तारखेला संपते, एकदासुद्धा चुकत नाही.

मी हे घरी येऊन सांगायचो. आई पदर सावरून हसायची आणि नानी उठून गोठ्यात जायची.

एवढं वेळेवर औषध घेऊन आईची साखर काही उतरेना. पहिलं वर्ष बरं गेलं आणि मग ती चढायलाच लागली. मॅडमनं डोस वाढवला. पुन्हा तपासली, पुन्हा जास्त. पुन्हा वाढवला. प्रत्येक वाढीला डॉक्टरची चिठ्ठी आणि वरून मंजुरी, आणि प्रत्येक वेळी मॅडमचा तोच शांत प्रश्न, खाण्यात काही गोड जातंय का? जात असणारच, अशी माझी खात्री झाली. मी गुळाची ढेप कपाटात घालून कुलूप लावलं. यात्रेतून आलेले पेढे शेजारी वाटून टाकले. दिवसभर घरी कुणी नाही, बायको द्राक्षांच्या पॅकहाऊसला जाते, पोरं शाळा-कॉलेजात, तर या दोघी काय काय खात असतील याची मी बसमध्ये बसून चित्रं रंगवायचो. एकदा आईच्या तोंडावर बोललो की म्हातारपणी माणसाची जीभ लहान पोरासारखी होते. ती एवढंच म्हणाली, आरं न्हाई खात मी. नानी चुलीपुढं बसली होती, तिनं मान वर केली नाही.

खरं काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो. गावात शाळेच्या ओट्यावर तपासणीचं शिबिर भरलं होतं, तिथं नानीची साखर निघाली. तीही थोडीथोडकी नाही. तिनं मला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. पोरीच्या कॉलेजचं चालू होतं, कंपनीत ओव्हरटाईम बंद झाला होता, आणि मी घरात आल्याआल्या कुणावर तरी डाफरत असायचो. ती फक्त आईपाशी रडली. आणि आईनं तिला जे सांगितलं ते तिच्या दृष्टीनं इतकं सरळ होतं की त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. रडतीस कशाला, म्हणाली, माझ्यातलं घे. आजार एक, औषध बी एक.

तेव्हापासून रोज सकाळी, मी बस गाठायला गेलो की, दोघी माजघरात बसायच्या. मॅडमनं सांगितलेल्या रेघेपर्यंतचं इन्शुलिन त्या वाटून घ्यायच्या. अर्धं आई टोचायची, अर्धं नानी. सुया वेगळ्या ठेवायच्या, एवढी अक्कल शिबिरातल्या पोरीनं त्यांना दिली होती. अर्ध्या औषधावर आईची साखर चढली की मॅडम डोस वाढवायची, आणि डोस वाढला की दोघींना थोडं जास्त मिळायचं. त्यांना वाटायचं, योजनेची माणसं चांगली आहेत, मागितलं नाही तरी वाढवून देतात. असं होत होत शेवटी आईला आईपुरतं आणि नानीला नानीपुरतं औषध मिळायला लागलं. दोघींची साखर बऱ्यापैकी आटोक्यात आली. मॅडमही खूश झाली. फोनवर म्हणाली, बघा, योग्य डोस सापडायला वेळ लागतो.

कागदावर तो सगळा डोस एकट्या आईचा होता.

मग त्या हिवाळ्यात आईला ताप आला. छातीत कफ भरला, श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. योजनेच्या यादीतलं जवळचं हॉस्पिटल हायवेला होतं. तिथं नेलं. पेशंटजवळ एकाच माणसानं थांबायचं असा तिथला नियम होता, म्हणून मी आत थांबलो आणि नानी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली. तिला घरी जा म्हटलं तर गेली नाही. सिस्टरनं विचारलं, इन्शुलिन किती घेतात? मी मोबाईल काढला, योजनेनं पाठवलेला डोस मोठ्यानं वाचून दाखवला. सिस्टर म्हणाली, बराच आहे हो. मी म्हणालो, लिहिलंय तेवढंच आहे, आणि एक दिवस चुकवलेलं नाही. मला त्याचा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चहात बुडवून दोन घास बिस्किट खाल्लं आणि सिस्टरनं तेवढं इन्शुलिन टोचलं. आईला झोप लागली. तापानं रात्रभर तळमळली होती, म्हणून मला वाटलं बरं झालं, जरा डोळा लागला. दुपारचं जेवण आलं, तिला उठवलं तर ती हूं म्हणून पुन्हा झोपली. ताट झाकून ठेवलं. सिस्टर साखर तपासायला आली तेव्हा आईची उशी घामानं भिजून गेली होती आणि डोळे अर्धवट उघडे होते. हाक मारली तरी कळत नव्हतं. मग पळापळ झाली. मोठ्या सिरिंजनं साखरेचं पाणी नसेत घातलं, सलाईन लावलं, मला बाहेर काढलं.

मी व्हरांड्यात आलो. नानी उभी होती, विचारत होती काय झालं, काय झालं. मी म्हणालो, साखर उतरली. तिच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. साखर चढते एवढंच आम्हाला माहीत. चढते म्हणूनच तर एवढी वर्षं बोंब होती. उतरली म्हणजे काय झालं हे तिला उमगलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

आई संध्याकाळपर्यंत डोळे उघडून बघायला लागली, पण नुसतीच बघायची. पुन्हा साखर खाली जायची, पुन्हा सलाईन वाढवायचे. डॉक्टर बुचकळ्यात पडले. म्हणाले, जी बाई इतक्या डोसची सवय असून नीट चालतीफिरती होती, तिची साखर त्याच डोसनं एवढी कशी आपटली? ताप, उपास, ठीक आहे, पण एवढी? किडनी बघितली, ती बरी निघाली. मग म्हणाले, पोटात कुठं गाठ असू शकते, मेंदूत काही झालेलं असू शकतं, पुण्याला हलवून मोठ्या तपासण्या कराव्या लागतील. त्याला योजनेची मंजुरी लागणार.

त्याच्या पुढचा सगळा दिवस मी फोनवर काढला. एक दाबा, दोन दाबा, मग सनईचे सूर, मग तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी आधी ओरडलो. मग गयावया केली. एका पोराला म्हणालो, बाबा, तुझ्या आईची शपथ घालतो, कुणाशी तरी बोलणं करून दे. तो म्हणाला, सर, तुमची विनंती नोंदवली आहे. बाकावर नानी पाण्याची बाटली तोंडाला लावून बसलेली, संपली की भरून आणायची, पुन्हा संपवायची, आणि सारखी बाथरूमला जायची. माझं डोकं आधीच फिरलेलं. तिच्यावर खेकसलो की एका जागी बस, मला दोन पेशंट सांभाळता यायचे नाहीत. ती बाटलीचं झाकण लावून बाकावर बसली. इन्शुलिनची बाटली मी आईच्या सामानात हॉस्पिटलात आणली होती आणि तीन दिवस नानीच्या अंगात औषधाचा थेंब गेला नव्हता, हे मला कुठून ठाऊक असणार?

संध्याकाळी शेवटी फार्मासिस्ट मॅडम स्वतः फोनवर आली आणि डॉक्टरांशी बोलली. मी शेजारी उभा होतो. तिनं तिच्यापुढची सगळी नोंद वाचून दाखवली असावी, कारण डॉक्टर हं, हं करत राहिले. शेवटी ते मला म्हणाले, डोस बरोबर आहे, कित्येक महिने तोच चालू आहे, औषध एकदाही चुकलेलं नाही. म्हणजे तापानं आणि उपासानंच झालं असणार. आता सलाईननं साखर चढतेय, सकाळी नेहमीचा डोस द्यावा लागेल. पुण्याचं उद्या ठरवू.

मला हायसं वाटलं. नेहमीचा या शब्दानं मला हायसं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी वॉचमन चहाला गेला तशी नानी आत शिरली. आईजवळ जाऊन तिचे केस मागं सारत बसली. आई तिच्याकडं बघत होती, ओळखल्यासारखं. सिस्टर ट्रे घेऊन आली. तिनं बाटलीत सुई खुपसली, सिरिंज ओढत ओढत भरली, उजेडाकडं धरून बुडबुडा काढला. नानीची नजर त्या सिरिंजवर होती. आयुष्यात कुणा परक्याच्या अंगाला हात न लावणाऱ्या त्या बाईनं सिस्टरचं मनगट धरलं.

"एवढं न्हाई," नानी म्हणाली. "एवढं ती कदीच घेत न्हाई. ह्यातलं आरदं माझं आसतं."

सिस्टरला कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही. नानीनं मनगट सोडलंच नाही. परवा बी एवढंच टोचलं व्हतं का, असं तिनं मला विचारलं. मी मान हलवली. तशी ती खाली बसली, कॉटचा पाय धरून, आणि सगळं सांगितलं. शिबिर, आईचं बोलणं, रोजची सकाळ. तुझं योजनेचं कार्ड कापतील, नोकरीवर गदा यील, म्हून बोलले न्हाई, म्हणाली. मला काय ठावं, हितं समदं तिलाच देतील म्हून.

सिस्टरनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलवायला धावली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. रागानं माझे कान तापले होते आणि तो राग कुणावर काढावा हे मला कळेना. नानीवर काढवेना, आईवर काढवेना. गुळाच्या ढेपेला लावलेलं कुलूप मात्र डोळ्यांपुढून हलेना.

डॉक्टरांनी आल्याबरोबर आधी आईचा डोस कमी केला, मग सिस्टरला नानीचं बोट टोचायला सांगितलं. मशीनवर आकडा आलाच नाही. नुसतं "हाय" असं इंग्रजीत आलं. सिस्टर म्हणाली, मशीन मोजतं त्याच्याही वर गेलीय साखर.

पुण्याला हलवायचं रद्द झालं. गाठ नव्हती, काही नव्हतं. दोन जणींचं औषध एकीच्या अंगात गेलं होतं.

मी मॅडमला फोन लावला. भडाभडा बोललो. काय बोललो ते नीटसं आठवत नाही, पण तुमची वेळेवर संपणारी बाटली घाला चुलीत, असं काहीतरी होतं. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग तिनं विचारलं, चुलतींना आत्ता इन्शुलिन दिलं का? दिलं, म्हणालो. मग विचारलं, त्या घरी किती घ्यायच्या? तिनं सगळं लिहून घेतलं. मी म्हणालो, कापा आता कार्ड. ती म्हणाली, कार्ड कापण्यासारखं काही नाही सर, पण नोंद दुरुस्त करावी लागेल. आईंना जेवढं लागतं तेवढंच यापुढं मंजूर होईल.

आणि चुलतीचं? मी विचारलं.

"त्या योजनेत बसत नाहीत, सर," ती म्हणाली. "मी दोनदा तपासलं. मला खरंच कुठूनही बसवता येत नाहीये."

मला तिचा द्वेष करायचा होता आणि तोही धड करता येईना. तिच्या जागेवर बसून तिला रिकामी बाटली दिसत होती आणि साखरेचा आकडा दिसत होता. माजघरात आमच्या दोघी कशा बसतात ते तिला कोण सांगणार होतं? मलाच माहीत नव्हतं.

नानी समोर उभी राहून ऐकत होती. काय म्हणली, तिनं विचारलं. मी सांगितलं. ती आईच्या कॉटकडं बघत म्हणाली, मग बरंच झालं, तिचं तिला तरी नीट यील.

आई घरी आली, पण सगळीच्या सगळी परत आली नाही. तेवढा वेळ मेंदूला साखर मिळाली नाही त्याचं ते, असं डॉक्टर म्हणाले, काही सुधारेल, काही नाही. ती मला कधी माझ्या नावानं हाक मारते, कधी वडिलांच्या. चूल पेटवायची विसरली, साडीचा काठ उलटा येतो, दुपारी उठून कुठंही चालायला लागते. एक मात्र तिच्या डोक्यातून गेलं नाही. सकाळी इन्शुलिनची वेळ झाली की ती दंड अंगाशी आवळून बसते आणि म्हणते, आधी धाकटीला. नानीनं तिच्यासमोर टोचून घेतल्याशिवाय ती सुई अंगाला लावू देत नाही. बायकोनं समजावून पाहिलं, मी रागावून पाहिलं. शेवटी नानीनं तिच्यासमोर बसून स्वतःचं टोचायचं आणि मग आईला द्यायचं, असं ठरून गेलं.

नानीचं औषध सुरुवातीला मी बाहेरून विकत आणलं. मग तिनंच शोधून काढलं की सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, फक्त पेशंटला स्वतः जायला लागतं, दर वेळी साखर तपासतात आणि मगच बाटली देतात. एसटी फुकट, औषध फुकट, उगं पैसा कशाला घालवतोस, म्हणाली. मी सुटलो असं वाटलं. फ्रिजच्या दारात दोन बाटल्या शेजारी शेजारी दिसायला लागल्या. आईची योजनेची, नानीची सरकारी. इतक्या वर्षांनी दोघींच्या नावानं दोन वेगळ्या वस्तू घरात आलेल्या बघून मला जरा चमत्कारिकही वाटलं.

परवा कंपनीला अचानक सुट्टी मिळाली. सकाळी मी घरीच होतो. बायको पॅकहाऊसला निघून गेली होती. मी दुधासाठी फ्रिज उघडला आणि सहज नानीची बाटली बाजूला सारली, तर ती हलकी लागली. उजेडाकडं धरली. आत थेंब नव्हता, आणि काच आतून अशी सुकलेली की ती आज-कालची संपलेली नव्हती. दुसरी आणलेली असेल, दुसरीकडं ठेवली असेल, असं म्हणून मी ती होती तिथं ठेवली. नानी आली, तिनं दोन्ही बाटल्या नेल्या. मी दूध तापवायचं सोडून माजघराच्या दारात उभा राहिलो.

आई भिंतीला टेकून बसली होती. नानीनं रिकाम्या बाटलीत सुई खुपसली, दट्ट्या मागं ओढला, नीट, नेहमीच्या रेघेपर्यंत. बुडबुडा काढल्यासारखं सिरिंजवर टिचकी मारली. मग आईला दिसणार नाही असा तो दट्ट्या पुन्हा आत ढकलला, कमरेचं पातळ खाली सारलं आणि कोरडी सुई पोटात टोचली. टोचताना तिचा चेहरा आखडला. झालं बाई माझं, म्हणाली. आईनं तिच्याकडं निरखून बघितलं आणि मगच दंड पुढं केला.

आई उन्हाला अंगणात जाऊन बसल्यावर मी नानीला चुलीपाशी गाठलं. किती दिवस चाललंय हे, म्हणालो. ती भांडी घासत राहिली. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती, ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. मी हाताला धरून तिला उभं केलं. तेव्हा म्हणाली, मागच्या खेपेला ती दवाखान्यात गेली, रांग मोठी होती, परत येईस्तोवर आई घरात नव्हती. दुपारभर शोधली. खालच्या अंगाला उसाच्या फडात सापडली, सरीत बसलेली. त्याच फडात आठवड्याभरापूर्वी बिबट्यानं शेजाऱ्याची शेळी ओढून नेली होती.

"मी रांगेत उभी ऱ्हायले आन ही पुन्ना उसात गेली, तर?" नानी म्हणाली. "माझं काय, हाय तवर हाय."

मी म्हणालो की मी रजा टाकतो, मी बसतो आईजवळ, आजच जा, आत्ता जा. नाहीतर मी बाहेरून आणतो, आजपासून रोज विकत आणतो. माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, वरडू नको, ती आयकंल.

आईनं ऐकलंच होतं. ती दारात आली, एका हातानं चौकट धरून. सकाळी काय झालं ते तिच्या ध्यानात राहिलेलं नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी कोण हे बहुतेक उमगलं नसावं, आणि मग नानीकडं.

"धाकटे, घेतलंस का गं?" तिनं विचारलं. "माझ्यातलं पुरतंय न्हवं तुला?"

नानीनं ओले हात पदराला पुसले.

"पुरतंय की, बाई," ती म्हणाली.